अकरा लोखंडी चकत्या

४ नोव्हेंबर

धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, कोणीतरी गेलं. कोणीही गेलेलं नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, तोंडातले दात माझे स्वतःचे आहेत आणि तुझ्याकडून मला काहीही नको आहे. एका प्रश्नाचं उत्तर तेवढं हवं. तुझा सारा जन्म तान्ह्या बाळांच्या वॉर्डात नोकरी करण्यात गेला म्हणून तुला विचारते. दुसरी कोणी माहितगार असती तर तिला विचारलं असतं.

माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर, एका खोलीत, एक बिऱ्हाड आहे. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून दोनदा उगवतो. बायको पडदे शिवायच्या कारखान्यात मशीनवर. सासू ठार बहिरी. गेल्या महिन्यात तिथे एक मुलगा जन्मला आणि विसाव्या दिवशी त्याची आई कामावर हजर झाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बावीस वर्षं सुपरवायझर होते, रजेचे नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण नगावर काम करणाऱ्या बाईला कसली रजा आणि कसले नियम? न शिवलेल्या पडद्याचे पैसे कोण देतं!

तर ते मूल सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत रडतं. सासू शेजारी बसून निवांत भाजी निवडते. तिला ऐकूच येत नाही. त्याचं तोंड उघडलेलं दिसलं की तिला वाटतं, जांभई देतोय.

आज भांडायला म्हणून वर गेले, तर भांडायला माणूसच नाही. म्हातारीने हसून मला बसायला पाट दिला. मुलाला मी जवळून पाहिलं. कपाळाला अशा आठ्या, की समोरच्या सगळ्यांना त्याने दोषी ठरवलेलं आहे आणि फक्त शिक्षा सुनवायची बाकी आहे. मी त्याला जज्जसाहेब म्हणते. पण मांड्यांवरची कातडी सैल, दुसऱ्याची विजार घातल्यासारखी. आई सकाळी चार बाटल्या भरून ठेवून जाते. त्यातली एक मी उचलून पाहिली. बाटलीमागे धरलेलं माझं बोट मला दुधातून दिसलं, नखासकट.

डब्याचं दूध इतकं पातळ असतं का? हो की नाही, एवढंच कळव. पोस्टकार्ड चालेल.

जुनं काही मला उकरायचं नाही. आई गेल्यावर माझं घर तेच तुझं माहेर, म्हणून तू बाळंतपणाला माझ्याकडे आलीस. मी माझ्या परीने केलं. आणि अठराव्या दिवशी तू लेक घेऊन न सांगता निघून गेलीस. अठ्ठावीस वर्षं झाली. का गेलीस ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. असो.

थोरली


८ नोव्हेंबर, दुपार

धाकटे,

मागचं पत्र फाडून टाक.

आज रविवार, वरची घरी होती. चोविसेक वर्षांची काडी. केस विंचरलेले नाहीत, ब्लाउजला दोन पिना. मी दारात उभी राहिले तशी तीच आधी म्हणाली, “मॅडम, आवाजाचा त्रास होतो ना? खिडकी लावून घेत जाईन.”

“आवाजाचं सोड. तुझं पोर उपाशी आहे.”

“पोटभर आहे.”

“मला डोळे आहेत.”

“तुम्हाला पोरं किती?”

“एकही नाही.”

“मग बरोबर,” ती म्हणाली.

एक्स्चेंजमधल्या चाळीस मुली ज्या तोंडाला चळचळा कापायच्या, ते माझं तोंड उघडंच राहिलं. मग तिला बहुधा वाईट वाटलं. तिने फळीवरून दवाखान्याचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. जन्माच्या वेळी दोन किलो आठशे. तिसऱ्या आठवड्यात थोडं उतरून दोन साडेसातशे. आणि परवा शुक्रवारी तीन किलो शंभर! पुढे नर्सबाईंची सही. सहीशी वाद घालणाऱ्यांतली मी नाही. खाली आले, चहा केला आणि म्हातारपणी नसत्या चौकशा करणाऱ्या बायकांत आपली गणना झाली म्हणून स्वतःवरच चिडून बसले.

हे पत्र टाकलं की विषय संपला.


८ नोव्हेंबर, संध्याकाळ

फाडू नकोस.

पाकीट बंद करण्याआधी सासू खाली आली, हातात धुतलेलं दुपटं. पिळायला हाताला जोर नाही, मदत करा, अशी खूण केली. मी एक टोक धरलं, तिने दुसरं सोडलं, आणि ते फरशीवर असं आदळलं की खणकन आवाज आला. कापड कधी खणखणतं का?

मी कडेची दुमड उसवली. आत लोखंडाच्या चकत्या. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत घालतात ना, त्या. अकरा. प्रत्येक चकतीला वेगळा कप्पा, प्रत्येक कप्प्याला बारीक, एकसारखी शिलाई. इतकं सुबक काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

वर गेले आणि चकत्या तिच्यासमोर ओळीने मांडल्या. ती खाली बसली.

“थंडीमुळे दुपट्यासकट तोलतात,” ती म्हणाली. “दुपट्याचे म्हणून दोनशे ग्रॅम वजा करतात. बाकीचं बाळाचं धरतात.”

“पण का?”

“नर्सबाई म्हणाल्या होत्या, पुन्हा उतरलं तर भरती. आठ दिवस, आईसकट. आठ दिवसांत माझ्या मशीनवर दुसरी बसेल. रोज एक मुलगी दारात विचारायला येते, जागा आहे का म्हणून. मग डबा कशाने आणू?”

“आणि आत्ता डबा पुरतो?”

ती म्हणाली, “चार दिवसांचा डबा नऊ दिवस पुरवते. अंगावरचं आटलं. दिवसभर कामावर, कोण पिणार? दुसऱ्याच दिवशी छाती दगडासारखी झाली, आठव्या दिवशी रिकामी. मला वाटलं, पाणी जास्त घातलं तर निदान पोट तरी भरेल त्याचं.”

मी ओरडणार होते. तोंडाशी आलेलं सगळं तयार होतं. पण तिने जज्जसाहेबांना असं घट्ट धरलं होतं, जणू मी त्याला न्यायलाच आले होते.

धाकटे, पत्राची वाट पाहायला आता वेळ नाही. मी फोन करते आहे. जन्मभर दुनियेचे फोन जोडून दिले आणि तुझा नंबर फिरवायला अर्धा तास झाला हात पुढे होत नाही.


९ नोव्हेंबर

धाकटे,

काल फोनवर तीन मिनिटं बोललो. तू आधी पूर्ण ऐकून घेतलंस, मग एकेक गोष्ट सांगितलीस. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, वर एक थेंब नाही. उद्या सकाळी डॉक्टर, आणि खरं सांगायचं, चकत्यांसकट. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा अंगावर घ्यायचं. दूध आटलं असलं तरी ओढलं की पुन्हा येतं. मी सगळं लिहून घेतलं. शेवटी तू विचारलंस, “आणि ती कशी आहे?”

मी म्हणाले, “तिला काय होणार?”

तू म्हणालीस, “ताई, तू आहेस तशीच आहेस.” मग फोन ठेवलास.

रात्री मला झोप लागली नाही. पहिल्या पत्रात मी असं लिहिलं, जणू तू का गेलीस ते मला माहीतच नाही. ते खोटं होतं. तू मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. तीन दिवस तशीच. मी दुपारच्या ड्यूटीला निघाले होते आणि उंबऱ्यातून म्हणाले, “तुला रडायला काय होतंय? नवऱ्याला पक्की नोकरी, डोक्यावर छप्पर, मूल धडधाकट. बायका काय काय सोसतात आणि तू ही अशी!” संध्याकाळी आले तेव्हा खोली झाडलेली होती, गादीची वळकटी केलेली होती, आणि तुझी चादर धुऊन दोरीवर वाळत होती. ती चादर वाळेपर्यंत मी रागात होते. नंतर तो राग सोडायला अठ्ठावीस वर्षं वेळ मिळाला नाही.

तेव्हा तुला काय होत होतं? आता विचारते आहे. लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

आता इथलं. सकाळी तिला घेऊन दवाखान्यात गेले. बाकावर ती म्हणत होती, “मावशी, पोलिसात देतील का हो?” मी म्हणाले, “दिलं तर मला देतील, माझं तोंड बघून.” ती हसली नाही. चकत्या कागदाच्या पुडीत घालून मी नर्सबाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या मोजल्या. मग त्यांनी मुलाचे सगळे कपडे उतरवले, काट्यावर मऊ कापड टाकलं, काट्याचा आकडा शून्यावर आणला आणि त्याला ठेवलं.

दोन किलो सातशे.

म्हणजे जन्माला आला त्याहून कमी. नर्सबाई तिच्यावर खेकसतील असं मला वाटलं होतं. त्या इतकंच म्हणाल्या, “चूक माझी. मी कपड्यांसकट तोलायला नको होतं.” डॉक्टरीणबाई मात्र कडक निघाल्या. मुलाला उलटंसुलटं करून तपासलं, ताप नाही, ओढतो जोरात, म्हणाल्या, “आठवडा देते. पुढच्या सोमवारी दोन किलो नऊशे दिसलं पाहिजे. मधे गुरुवारी दाखवायचं. नाही वाढला तर भरती. मग मी कोणाच्या कामाचं ऐकणार नाही.”

येताना मी नवा डबा घेतला. तिने घ्यायला नकार दिला. मला दान नको, म्हणाली. मी म्हणाले, “हा तुला नाहीच. हा त्याला आहे, आणि त्याने अजून नको म्हटलेलं नाही.” तेव्हा घेतला.

थोरली


१२ नोव्हेंबर

धाकटे,

मंगळवारी पडद्याच्या कारखान्यात गेले. चौदा मशीन, एक लांबच लांब टेबल, छतापर्यंत कापडाचे तागे. मालक सज्जन माणूस आहे. सज्जन माणसांशी भांडणं फार अवघड. मी म्हणाले, हिचं मूल मी दिवसातून तीनदा इथे आणीन, तिला मागच्या गोदामात वीस-वीस मिनिटं बसू द्या.

“बाई, माझी ना नाही हो,” ते म्हणाले, “पण एकीला दिलं की सगळ्या मागतील.”

त्यांची सगळी उत्तरं मला तोंडपाठ होती. एकीला दिलं की सगळ्या मागतील. घरचे प्रश्न घरी. आम्हीही संसार केले. बावीस वर्षं मीच ती मुलींना देत आले होते. एकदा एका मुलीचा ब्लाउज पुढून भिजला होता, घरी जाऊ का विचारायला आली, आणि मी तिला रुमाल दिला. सुटी नाही, रुमाल. तिचा चेहरा मला मालकांच्या मागच्या भिंतीवर दिसायला लागला आणि माझं बोलणंच खुंटलं.

मला वाटलं, हरले. तेवढ्यात पहिल्या मशीनवरची एक जाडजूड बाई, वयाने मोठी, पाय थांबवून म्हणाली, “तिच्या वाट्याचं मी उपसते. वीस मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?” शेजारचीनेही मशीन थांबवलं. “मी पण.” मग पलीकडची. एकेक मशीन थांबत गेलं, सगळीच बंद पडली. मालक इकडेतिकडे बघायला लागले.

“अहो, पण मी नाही कुठे म्हणालो?” ते म्हणाले.

माझ्या भाषणापेक्षा त्यांना ती शांतता जास्त पटली. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ती जाडजूड बाई मोठ्याने म्हणाली, “माझ्या वेळेला का नाही आलात हो बाई? माझा थोरला आता मिशा राखतोय!”

तेव्हापासून मी रोज दहाला, एकला आणि चारला जज्जसाहेबांना घेऊन जाते. चालत सात मिनिटं. म्हातारी सोबत येते. तिला वाटतं आम्ही फिरायला निघालो. गोदामात ताग्यांच्या मधे एक स्टूल आहे, त्यावर आई बसते. पहिल्या दिवशी काही आलं नाही. मूल ओढून ओढून संतापलं, लालेलाल झालं. तिने त्याला माझ्याकडे दिलं आणि ताग्याला डोकं टेकून बसली.

मी विचारलं. तू फोनवर तिच्याबद्दल विचारलंस तेच. “तुला काय होतंय गं?”

ती माझ्याकडे बघत राहिली, मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय असं.

“टाके दुखतात,” ती म्हणाली. “पायाने मशीन चालवताना जास्त. कोणाला सांगू? यांना सांगितलं तर हे गाडी सोडून येतील, मग गाडीही जायची. आणि मावशी, तो रडला ना, की मला कधीकधी काहीच वाटत नाही. दगड. परवा कामावर चालत निघाले होते, बसस्टॉपपाशी थांबले. कुठलीशी बस आली. मला वाटलं, हिच्यात बसावं. कुठे जाते ते वाचलंसुद्धा नाही.” मग घाईघाईने म्हणाली, “पण बसले नाही हां.”

मी काही बोलले नाही. धाकटे, हे लिहून ठेव: मी काही बोलले नाही. तिचा हात धरला आणि मुलाला दुसऱ्या बाजूला लावलं, तू सांगितलंस तसं. डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगायचं, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. आज सांगितलं. त्यांनी टाके पाहिले, औषध दिलं आणि दर आठवड्याला मुलाआधी तिला बोलवणार म्हणाल्या.

आजचं वजन: दोन किलो सातशे साठ. तीन दिवसांत साठ ग्रॅम. सोमवारपर्यंत दोनशे व्हायला हवेत. मी गणित तीन वेळा केलं, प्रत्येक वेळी तेच उत्तर. ती आकडा ऐकून म्हणाली, “म्हणजे भरती,” आणि कामावर गेली. चारला मात्र एक झालं. मुलाच्या ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा थेंब ओघळला. तिने तो बोटाने पुसला आणि बोट बघत बसली.

थोरली


१६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र शनिवारी आलं. चौदा ओळी. पहिल्या बारा तिच्यासाठी, त्या मी तिला वाचून दाखवल्या. शेवटच्या दोन माझ्यासाठी. ‘मला खिडकीजवळ जायची भीती वाटायची. म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.’ मागची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तुला काय उत्तर लिहावं ते मला सुचलेलं नाही आणि सुचल्याचं नाटकही मी करणार नाही. मला क्षमा कर, एवढं लिहिते. हे वाक्य लिहायला कॉन्व्हेंटमध्ये आपल्याला रोज लावायचे. खरं आज लिहिलं.

आता ऐक. आज सकाळी आम्ही गेलो. तिने मालकांकडून एक वाजेपर्यंत सुटी घेतली होती. रात्रभर जागी होती, डोळे खोल गेलेले. बाकावर आमच्या पुढे सात जणी. त्यांतली एक, अगदी कोवळी, मांडीवर जुळ्या मुली, हिला हळूच विचारत होती, “ताई, तुला दूध आलं का गं?” हिने तिला सांगितलं, “येतं. ओढू द्यायचं. आणि डब्यात पाणी वाढवायचं नाही, कितीही वाटलं तरी नाही.” मी दुसरीकडे बघत होते.

नर्सबाईंनी सगळे कपडे उतरवले. जज्जसाहेबांना थंड काटा पसंत नाही; त्यांनी पाय झाडले, आकडा नाचायला लागला. हिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. मग तो थांबला आणि आकडाही थांबला.

दोन किलो नऊशे वीस.

नर्सबाई कार्डावर लिहायला वाकल्या. ही म्हणाली, “थांबा. पुन्हा ठेवा.”

“अगं, बरोबर आहे.”

“पुन्हा ठेवा ना.”

त्यांनी उचलून पुन्हा ठेवलं. नऊशे वीस. हिने स्वतः खाली वाकून काट्याखाली पाहिलं, पलीकडून पाहिलं, मुलाचे दोन्ही तळहात उघडून पाहिले. “पुन्हा,” म्हणाली. तिसऱ्यांदा ठेवलं. तिसऱ्यांदा नऊशे दहा आलं, कारण तेवढ्यात साहेबांनी नर्सबाईंच्या बाहीवर निकाल दिला होता. बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या, कार्ड पाहिलं आणि म्हणाल्या, “भरती नाही. पुढच्या सोमवारी या. आणि आई, तुझं वजन करायचं राहिलंय, तू उभी राहा बघू.” ती चपला काढून काट्यावर चढली. तिला कोणी तोललं नव्हतं, इतक्या आठवड्यांत एकदाही.

येताना जिन्यात तिने दोनदा थांबून कठडा धरला. म्हटलं, माझ्याकडे टेक दोन मिनिटं. ती माझ्या पलंगाच्या कडेला बसली, मुलाला जवळ घेतलं, आणि मला सांगायला लागली, “मावशी, आज चारला त्याला आणू नका, मीच…” आणि वाक्याच्या मधेच झोपली. मूल पीत पीत झोपलं. तिच्या पायातल्या चपला मी काढल्या. एकीचा अंगठा तारेने बांधलेला आहे.

हे सगळं अकरा वाजता झालं. आता पाऊण झाला आहे. साडेबाराला उठवायचं ठरलं होतं. दोनदा जवळ जाऊन आले. तोंड उघडं आहे, एक हात मुलाच्या पोटावर. इतक्या आठवड्यांत ही बाई सलग किती झोपली असेल, हे तूच सांगू शकशील.

सरळ शिवण मला येते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी सहा वर्षं माझ्याकडून उशांचे अभ्रे शिवून घेतले आणि प्रत्येक उसवायला लावला. मालकांना काय वाटायचं ते वाटो. सासूला खुणेने सांगितलं आहे, दोघांना उठवायचं नाही. तिला नीट कळलं. दारात स्टूल टाकून बसली आहे.

चष्मा घेतला आहे. हे पाकीट वाटेतल्या पेटीत टाकते आणि जाते. एक वाजता तिचं मशीन रिकामं दिसता कामा नये.

थोरली